गच्चीवरचं चौकोनभर ऊन

३ मार्च

पुन्हा चक्कर! न्हाणीच्या दारातच. कडी हाताला लागली म्हणून वाचले, नाहीतर आज फरशीवरच सापडले असते — आणि ते तरी कधी, कोण जाणे. सातव्या मजल्यावर येतंय कोण? निम्मी घरं बंद, त्यांचे मालक परगावी. एक माझं आणि एक त्या चामनानचं. तो तर असून नसल्यासारखा.

बँकॉक दर मार्चला तापतंच, त्याचं काही नाही. पण आमच्या डोक्यावर नुसता स्लॅब आणि स्लॅबवर सूर्य. दिवस मावळला तरी छत वाफा टाकत राहतं. एसी लावावा, तर खिडक्यांना काचेच्या पट्ट्या, त्यांतल्या कितीतरी मिटतच नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीत वर जाळीच्या विटा. पैसे मोजून थंड हवा आणायची आणि गल्लीला वाटायची! धर्मादाय कारभार नुसता.

नुचला चक्कर आल्याचं सांगणार नव्हते. फोनवर आवाजावरूनच ओळखलं तिने. लेक माझी, पण बोलते सासूसारखी. "आई, मागच्या एप्रिलला दवाखान्यात होतीस. या उन्हाळ्यात त्या इमारतीचं काही झालं तर ठीक. नाहीतर जून संपला की घर विकायचं आणि इकडे खोनकेनला यायचं. मी गाडी घेऊन येते." वर आणखी — "मघाशी फोन उचललास तेव्हा कुणाशी बोलत होतीस?" कुणाशी बोलणार, बाई? वही लिहीत होते. "एकटीच बडबडायला लागलीयस," म्हणे. काहीतरीच!

४ मार्च

लिहायला बसते ती स्वयंपाकघरातच, जाळीखालच्या स्टुलावर. सकाळी तिथे जरा वारा असतो. जाळीपलीकडे चामनानचं स्वयंपाकघर. त्याची खलबत्त्यात ठकठक चालू असते — कच्ची पपई कुटतो, दुसरं काही खातच नसावा. मी वही उघडली की जरा वेळाने थांबते. तेवढी मेहेरबानी. डुलकी काढत असेल.

९ मार्च

ख्वान नावाची इंजिनिअर मुलगी आली होती. रंजुआनने पाठवली — ती दुसऱ्या मजल्यावरची, केस कापायचं दुकानवाली, आमच्या मालक-समितीची अध्यक्षा. ख्वानच्या संस्थेला जुन्या इमारतींचा कार्बन कमी करायचाय. मी म्हटलं, आमच्या इमारतीला कुठे धुरांडं आहे? तर म्हणाली, "बाई, तुमचा एसी चालतो तेव्हा कुठेतरी वीजघरात गॅस जळतोच की. धूर तिकडे निघतो, इथे नुसतं बिल येतं." पटलं. वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती.

तिची योजना अशी: सगळ्या गच्चीवर उंच पत्र्याचं दुसरं छप्पर, पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वारा खेळता. पत्र्यावर सौर पट्ट्या — लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यांवर चालतील. खिडक्या नव्या, घट्ट बसणाऱ्या, दुहेरी काचेच्या. फटी, जाळ्या सगळं बंद. "नुसत्या छपराने अर्धंच काम होतं, बाई. तुमचं घर म्हणजे उघड्या दाराचा फ्रिज आहे."

खर्च? निम्मा संस्था देणार. उरलेल्याचं कर्ज, आणि आमच्या सगळ्यांच्या मासिक वर्गणीत वाढ. आठ वर्षांत वसूल होतो म्हणे. आठ वर्षं! मी सदुसष्ट पार केलीत. पण हे मी तिला बोलले नाही. रंग दिलेल्या भिंतीसारखा उजळ चेहरा होता तिचा, कशाला ओरखडा काढा.

मालकांची सभा चोवीसला. अर्ध्याहून जास्त हात वर आले की झालं. म्हणजे मी माझ्या घरात राहिले.

१७ मार्च

आज उठवेना. जिभेला कोरड. क्षार-साखरेची पुडी पाण्यात घालून घ्यावी, तर डबा रिकामा. खाली औषधाचं दुकान आहे, पण लिफ्ट पुन्हा रुसलीय आणि सात जिने उतरायचे म्हणजे चढायचेही. जाम खावेसे वाटताहेत. गुलाबी, पाणीदार, करकरीत. आई ते मीठ-मिरची लावून द्यायची.

कुणाला हाक मारावी? एवढी मोठी इमारत, एवढी माणसं, आणि हाक मारायला एक नाव सुचत नाही. रडूच आलं.

१८ मार्च

दाराच्या कडीला पिशवी! आत क्षार-साखरेच्या पुड्या आणि जाम. वर मीठ-मिरचीची पुरचुंडी. चिठ्ठी नाही, काही नाही.

रंजुआनच असणार. सभेआधी माणसं गोड करून घ्यायची तिला सवय आहे. पण तिला कसं कळलं, जामच हवेत ते? असो. खाल्ले सगळे.

२४ मार्च

सभा झाली. वाटोळं झालं!

तळमजल्यावर, सायकली हलवून, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पंखा घर्र घर्र. आधी मी रंजुआनचे आभार मानले, जामांबद्दल. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसले जाम? बाई, उन्हाने डोकं फिरलंय का तुमचं?" बरं, राहिलं.

ख्वानने पडद्यावर चित्रं दाखवली. इमारत लाल, मग पिवळी, मग हिरवी. खालच्या मजल्यांची कुरकुर सुरू. रंजुआन म्हणाली, "वरच्यांच्या डोक्यावरचं ऊन आम्ही का विकत घ्यायचं?" मी उठलेच. म्हटलं, "तुमचं पाणी कुठून येतं? गच्चीवरच्या टाकीतून. चढवतो कोण? पंप. त्याचं बिल भरतो कोण? आम्हीसुद्धा. आम्ही म्हटलं का कधी की खालच्यांची अंघोळ आम्ही का विकत घ्यायची?" हसले लोक. टाळ्या पण पडल्या दोन-चार. मला वाटलं, जिंकलं!

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, गच्चीवर आपल्या भूमीदेवाचं घरकुल आहे, त्याचं काय. आणि ती पोर काय म्हणाली? गोड हसून — "त्याला हलवायचं नाही, ते छपराखालीच येतंय. देवालाही सावली!"

कपाळ माझं! मुलगी उंच इमारतींत वाढलेली, तिच्याकडे देवाचं सगळं आजीने बघितलेलं असणार. देवाच्या घरकुलावर आपल्या घराची सावली पडू द्यायची नसते, म्हणून तर गल्लीत उन्हाचा तुकडा उरला नाही तेव्हा आमच्या वाडवडिलांनी देवाला गच्चीवर नेऊन बसवलं. आणि ही त्याच्या डोक्यावर पत्रा टाकतेय!

तरीही निभावलं असतं. मी सावरायला तोंड उघडलं, तर मागच्या रांगेतून चामनान उठला. वर्षानुवर्षं सभेत एक शब्द न बोललेला माणूस! रोज सकाळी गच्चीवर देवाला झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली तोच ठेवतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. उठला आणि म्हणाला, "सावली पडेल."

बसला. झालं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. रंजुआनने हात जोडले. "देव हलवायचा तर ब्राह्मण बोलवा, मुहूर्त काढा, डुकराचं मुंडकं चढवा — आणि गच्चीवर छप्पर घातल्यावर त्याला उन्हात ठेवायचा कुठे? मिटला विषय." मतदान पुढे ढकललं. सोंगक्रानच्या सणानंतर बघू म्हणे. बघू म्हणजे नाही.

२५ मार्च

चामनान — सुकट बोंबील! खडूस! घुम्या! स्वतःचं डोकंही त्याच स्लॅबखाली भाजतंय, तरी बोलायचं तेव्हा नेमकं माझ्या मुळावर. माझ्या एसीचा गरम वारा याच्या बाजूला जातो, त्याचा सूड काढला असेल. काढ बाबा, काढ. जूनपासून जाणार नाही तुझ्याकडे वारा.

२६ मार्च

आज एसी लावला तर पलीकडून नेहमीसारखा खिडकी बंद केल्याचा आवाजही आला नाही. ठकठकही नाही.

१३ एप्रिल

सोंगक्रान. खाली धमाल चालू आहे, पाण्याचे फवारे, गाणी. दर वर्षी तळमजल्यावर म्हाताऱ्यांना ओळीने बसवतात आणि सगळे येऊन हातांवर सुवासिक पाणी घालतात, आशीर्वाद घेतात. मी नाही गेले. ज्यांनी माझ्यासाठी हात वर केला नाही, त्यांच्यापुढे मी हात का करू?

नुच आली नाही, तिच्या सासरी आज सगळे जमतात. फोनवर पाणी घातल्याचं नाटक केलं तिने, ग्लासात चमचा वाजवून. हसलो दोघी. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात तसेच ओंजळ करून बसले होते, लक्षातच आलं नाही. कोरडे हात. मोगऱ्याचा वास यायचा त्या पाण्याला.

१४ एप्रिल

दाराच्या कडीला मोगऱ्याचा गजरा. ओला.

आता रंजुआन नाही, हे नक्की. रखवालदार असेल. त्याच्या पोराला मी फुकट शिकवलं होतं.

१६ एप्रिल

आज खरं लिहिते. कुणी वाचणार नाही, मग खोटं कुणासाठी लिहायचं?

मला उन्हाचं भय नाही. मला खोनकेनचं भय आहे. नुच वाईट नाही, जावईही गुणी आहे. पण त्यांच्याकडे गेले की मी सकाळी उठून कुठे बसू, हेच कळत नाही. स्वयंपाकघरात गेले तर "आई, तू राहू दे." बैठकीत बसले तर सगळे हळू बोलतात. महिनाभर राहिले होते मागे, त्यांच्या टीव्हीचा रिमोटसुद्धा हातात घेतला नाही. इथे मी एकटी आहे, पण माझ्या घरात एकटी आहे. तिथे दुसऱ्याच्या घरात एकटी असेन. त्याला इलाज नाही.

आणि दुसरं. इथे सकाळी पलीकडे ठकठक होते, पातेलं वाजतं, कुणीतरी खोकतं. खडूस तर खडूस, पण माणूस आहे. तेवढ्यावर माझा दिवस उजाडतो. हे आजवर मी मला स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

घसा अगदी कोरडा पडला. जरा लिहिलं की हल्ली असंच होतं. ऊन, दुसरं काय.

२० एप्रिल

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर चामनान! भर दुपारी, डोक्यावर ओला पंचा, हातात लांब बांबू. बांबूच्या टोकाला चादर ताणून बांधलेली. ती देवाच्या घरकुलाभोवती इकडून तिकडे नाचवतोय आणि खाली खडूने रेघा मारतोय. गच्चीभर रेघा. मला बघून बांबू खाली घेतला, चोरी पकडल्यासारखा.

मी विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही."

"ऊन लागेल."

"लागू दे."

एवढाच संवाद! कित्येक वर्षांचा शेजार, आणि हा आमचा सगळ्यात मोठा संवाद असेल. खाली आले. म्हातारा भ्रमिष्ट तर झाला नाही ना? वाईट वाटलं.

२८ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

दुसरी सभा. मी जाणारच नव्हते, ख्वानने बोलावलं म्हणून गेले. पोरीने आल्या आल्या सगळ्यांपुढे हात जोडून माफी मागितली — आजीला फोन केला होता म्हणे, आजीने चांगलंच फैलावर घेतलं. लोक विरघळले जरासे. पण छपराचा विषय काही कुणी काढला नाही. रंजुआन वही मिटायलाच निघाली होती.

तेव्हा चामनान उठला. पुन्हा!

म्हणाला, "देव हलवायचा नाही. छप्पर हलवा."

मग खिशातून कागद काढून ख्वानच्या हातात दिला. गच्चीचं चित्र. सकाळची सावली कुठे, दुपारची कुठे, संध्याकाळची कुठे. म्हणाला, "एवढा चौकोन उघडा ठेवला तर दिवसभरात घरकुलावर सावली येत नाही. बाकी सगळं झाका." ख्वानने बघितलं, संगणकावर खटखट केलं, पुन्हा बघितलं. "बसतंय!" म्हणाली. "सौर पट्ट्या थोड्या कमी होतील, पण बसतंय! फक्त... त्या चौकोनाखाली कुणाचं घर आहे?"

"माझं."

ख्वान हळू आवाजात म्हणाली, "काका, तिथे स्लॅबला पांढरा रंग देता येईल, पण तो छपराइतकं काम करणार नाही. बाकी सगळी इमारत थंड होईल, तुमचं घर तापतंच राहील."

"मला सवय आहे."

रंजुआनने खर्चाचा मुद्दा काढलाच, ती थोडीच सोडणार. "आठ वर्षांनी वसूल! आठ वर्षांनी इथे कोण असणार आहे?" तर हा घुम्या तिच्याकडे वळून म्हणाला, "आत्ता काय करतो आपण? पैसे मोजून थंड हवा आणतो आणि गल्लीला वाटतो." सगळे हसले. मी दचकले. अगदी माझंच वाक्य! हे मी कुणाला बोलले होते? ख्वानला बोलले असेन, तिच्याकडून गेलं असेल.

शेवटी ख्वानने कामांची यादी वाचली. खिडक्या. दारांच्या फटी. सातव्या मजल्यावर स्वयंपाकघरांमधली जाळी — बंद.

"जाळी पण?" चामनानने विचारलं.

"जाळी पण, काका. ती उघडी राहिली तर तुमच्या घरातली गरम हवा बाईंच्या घरात जाईल. मग काय उपयोग?"

तो उभाच होता. जाळीसारख्या जाळीचा एवढा काय विचार करायचा! मला वाटलं, आता पुन्हा नाही म्हणतोय. मग म्हणाला, "बंद करा." आणि सगळ्यात आधी हात त्याने वर केला.

पास झालं. पास झालं! रंजुआनचाही हात वर होता, कोपरापर्यंत का होईना. मी इथेच राहणार.

जिन्यात त्याला गाठून आभार मानले. म्हटलं, "स्वतःच्या डोक्यावर का घेतलंत?" तर म्हणे, "देवाला ऊन हवं."

देवासाठी. बरोबर आहे, माझ्यासाठी कोण कशाला करेल.

१९ मे

दिवसभर ठोकाठोकी. गच्चीवर लोखंडी खांब उभे राहिले. धुळीने जीव नकोसा झालाय, पण ही धूळ गोड लागते.

२ जून

पत्रा चढला. आज दुपारी भिंतीला हात लावला — भिंत कोमट! नुसती कोमट! पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

११ जून

खिडक्या बसल्या. जाळीही बंद केली. गवंड्याने आतून जाड फेस भरला, वरून फळी ठोकली, रंग दिला. म्हणाला, "आता मुंगीसुद्धा इकडची तिकडे जाणार नाही, बाई."

१२ जून

ख्वान यंत्र घेऊन येऊन गेली. एसी अगदी हळू ठेवला तरी घर गार राहतं. बिल निम्म्यावर येईल म्हणे. सगळ्या इमारतीचा कार्बन एवढा वाचेल, तेवढा वाचेल. मी तिला मिठी मारली. रडली वेडी.

१५ जून

गार आहे. शांत आहे.

फारच शांत आहे.

सकाळी उठले तर कळेना वाजले किती. रोज त्याचं पातेलं वाजलं की मी उठायचे. गल्लीतली स्कूटर नाही, डाळिंबवाल्याची हाक नाही, ठकठक नाही. स्वतःच्या श्वासाचा आवाज येतो. जाळीवरच्या फळीला कान लावून पाहिला — हो, लावला! कुणी बघतंय थोडंच. काही नाही. पलीकडे माणूस आहे की नाही तेही कळत नाही.

१९ जून

तळमजल्यावर उतरले संध्याकाळी. आधी उन्हाळ्यात सगळे बाहेर येऊन बसायचे, हातात पंखे, पोरं पायांत. आता कुणी नाही. सगळे आपापल्या गार घरात, दारं लावून. रखवालदाराला त्या मोगऱ्याबद्दल विचारलं. म्हणाला, "कसला गजरा, बाई? सोंगक्रानला मी गावी होतो."

मग कोण?

२३ जून

क्षार-साखर संपली. दाराची कडी बघितली. रिकामी. मूर्खच आहे मी.

२६ जून

लिहायला सुचत नाही. वही उघडते, मिटते.

२९ जून

नुचचा फोन. मी म्हटलं, सगळं झालं गं, घर गार झालं, आता यायची गरज नाही. ती म्हणाली, "मग तुझा आवाज असा का?"

आणि मला रडू फुटलं. म्हटलं, इथे थंडावा मिळाला आणि घर मुकं झालं. एवढं भांडून मिळवलं, आणि आता मी मेले तरी भिंतीपलीकडे कळायचं नाही. जिवंत आहे, तेही कळत नाही. त्या खडूसाचा खोकला ऐकायला मिळत नाही म्हणून रडतेय, सांग, याला काय म्हणायचं?

"आई, मी परवा गाडी घेऊन येते. काही दिवस तरी ये. बघ, आवडलं तर राहा."

नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. "उद्या सांगते" म्हटलं.

थोरली पेटी माळ्यावरून काढली. उघडी पडलीय. जाऊ का? इथे माझं अडलंय कुठे? माझ्यावाचून इथे कुणाचं काय अडतं?

३० जून

दार वाजलं. चामनान! घामाने डबडबलेला, हातात जामांची पिशवी आणि क्षार-साखरेच्या पुड्या.

मी पिशवीकडे बघते, त्याच्याकडे बघते.

"बाई, भिंत बंद झाल्यापासून काही ऐकू येत नाही."

"काय ऐकू येत नाही?"

"तुम्ही लिहिता ते." मान खाली. "तुम्ही लिहिताना मोठ्याने म्हणता. शुद्धलेखन घालतात तसं. सगळी वर्षं. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

देवा! सगळी वर्षं! चक्कर, जाम, कोरडे हात, खोनकेन. सुकट बोंबील! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सातवा मजला, धरणी कुठली.

"जाळी बंद करा म्हणालात, तेव्हा पुढे काही ऐकू येणार नाही हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाहीतर तुम्ही गेला असतात." मग जरा धीर करून, "नुचने गाडीला जागा ठेवा म्हणून रखवालदाराला फोन केला होता, ती कधी येणार ते तो आज मला विचारत होता. तिला काय सांगितलंत? मला पुढचं ठाऊक नाही." आणि थांबून, "बोंबील मी नाही. वजन आहे मला."

आत या म्हटलं. त्याचं घर तापतंय, माझं गार आहे. पेटी पुन्हा माळ्यावर त्यानेच चढवली. आता समोरच्या स्टुलावर बसून जामांना मीठ-मिरची लावतोय. ओठ घट्ट मिटून लिहायचं ठरवलं होतं, जमत नाही — आणि तो मध्येच म्हणतोय, "जरा सावकाश, बाई."